परक्यांच्या नावावरची गाणी

सिनेमांचे आणि त्यांतल्या गाण्यांचे प्रोमो कापण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. पाच-सहा मिनिटांचं गाणं हातात येतं आणि त्यातून तीस सेकंद काढायचे असतात, कधी वीस, कधी दहाच. आधी हुक लाइन उचलायची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या तोंडी चटकन बसेल ती ओळ. मग ठेक्यावर चित्रं बसवायची. मान वळली की ठोका, हात वर गेला की ठोका, हसू फुटलं की ठोका. या कामात काय घेतो यापेक्षा काय टाकून देतो ते जास्त शिकवतं. दोघं एकमेकांकडे बघून काही न बोलता थांबली आहेत, तो शॉट जातो. तिने विचारलं आणि त्याने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला, तो उशीर जातो. कुणी तरी ऐकत बसलेलं आहे, बोलत नाही, नाचत नाही, ते तर सगळ्यात आधी जातं. प्रोमोच्या दृष्टीने ही सगळी मोकळी जागा असते आणि मोकळी जागा तीस सेकंदांत परवडत नाही. पण रोमँटिक कॉमेडी नावाच्या सिनेमाचं भांडवल नेमकं याच मोकळ्या जागेत असतं. दोन माणसांची मनं एकमेकांबद्दल बदलायला वेळ लागतो आणि तो वेळ जाताना बघायला मिळतो, म्हणून आपण तिकीट काढतो. गाणं हा वेळ आटवून टाकतं. म्हणून या जातीच्या सिनेमात गाणं ही उसनवारी असते असं माझं मत कामातून बनत गेलं. गाणं प्रेक्षकाकडून आनंद आगाऊ घेतं आणि तो पुढच्या-मागच्या प्रसंगांना फेडावा लागतो.

गाणी गाजली आणि सिनेमा पडला, की आमच्या धंद्यात एकच वाक्य ऐकू येतं: गाणी चांगली होती, पण सिनेमाला वाचवू शकली नाहीत. या वाक्यात गाणी निर्दोष धरलेली असतात. बुडत्या बोटीतला तेवढाच एक कोरडा माणूस, अशी. मला हे पटत नाही आणि का पटत नाही हे एका सिनेमाच्या आधाराने सांगावंसं वाटतं. तो सिनेमा म्हणजे १५ जून २००७ रोजी आलेला यशराज फिल्म्सचा 'झूम बराबर झूम'. दिग्दर्शक शाद अली, लेखक हबीब फैजल, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं, गीतं गुलजार यांची. अभिषेक बच्चन, प्रीती झिंटा, बॉबी देओल आणि लारा दत्ता अशी चौकडी, आणि पिसांची टोपी घालून, गिटार घेऊन लंडनच्या रस्त्यावर गात फिरणारा सूत्रधार म्हणून अमिताभ बच्चन. त्या उन्हाळ्यात शीर्षकगीत वाहिन्यांवर सतत वाजत होतं आणि पुढे लग्नांच्या वरातीतही शिरलं. सिनेमा मात्र चालला नाही.

संगीतकारांच्या हातात काही कमी होतं असं म्हणायला जागाच नाही. या त्रयीने २००१ साली 'दिल चाहता है' केला होता आणि 'कल हो ना हो'साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतला होता. शाद अली, गुलजार आणि हे तिघं अशी हीच फळी दोन वर्षांपूर्वी 'बंटी और बबली'ला एकत्र आली होती आणि तो सिनेमा दणक्यात चालला होता. मराठी वाचकाला आणखी एक दाखला जवळचा वाटेल. पुढे २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आला तेव्हा जितेंद्र अभिषेकींच्या जुन्या पदांच्या शेजारी नवी गाणी रचण्याचं अवघड काम याच त्रयीने पेललं आणि शंकर महादेवन यांनी पंडित भानुशंकरांची भूमिकाही केली. 'कट्यार'मध्ये गाणं थांबलं की गोष्ट थांबते, कारण दोन घराण्यांमधलं भांडण गाण्यातूनच लढलं जातं. म्हणजे कथेच्या पोटातून येणारं गाणं रचता येत नाही अशी ही माणसं नव्हेत. चूक रचनेत नव्हती. गाणी कोणाच्या नावावर लिहिली गेली, तिथे चूक होती.

गोष्ट अशी आहे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर रिकी ठुकराल आणि अल्विरा खान ही दोन अनोळखी माणसं एकाच टेबलाशी बसतात. दोघंही आपापल्या वाग्दत्त जोडीदाराला घ्यायला आलेली आहेत आणि गाडीला उशीर आहे. वेळ घालवायला दोघं एकमेकांना आपापल्या प्रेमाची गोष्ट सांगतात. रिकी सांगतो की पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात, राजकुमारी डायनाचा अपघात झाला त्याच रात्री, त्याला अनाइदा भेटली. अल्विरा सांगते की मादाम तुसाँच्या संग्रहालयात सुपरमॅनचा पुतळा अंगावर पडत असताना स्टीव्ह नावाच्या वकिलाने तिला वाचवलं. रिकीच्या गोष्टीत 'टिकट टू हॉलिवूड' येतं, नीरज श्रीधर आणि अलीशा चिनॉय यांच्या आवाजातलं, पडद्यावर अभिषेक आणि लारा. अल्विराच्या गोष्टीत 'किस ऑफ लव्ह' येतं, विशाल ददलानी आणि वसुंधरा दास यांच्या आवाजातलं, पडद्यावर प्रीती आणि बॉबी. उत्तरार्धात कळतं की दोन्ही गोष्टी थापा होत्या. अनाइदा नाही, स्टीव्ह नाही. टेबलाशी बसल्या बसल्या दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली होती आणि ते कबूल करायचं सोडून खोटी माणसं रचत बसली होती. मग साऊथॉलच्या नृत्यस्पर्धेसाठी दोघांनाही खोटे जोडीदार शोधून आणावे लागतात.

कल्पना सुंदर आहे, हे मी मनापासून म्हणते. दोन माणसं खोटं बोलता बोलता खरी होत जातात यापेक्षा चांगला पाया रोमँटिक कॉमेडीला क्वचितच मिळतो. पण संकलनाच्या टेबलावर बसून हिशेब मांडला तर काय दिसतं? पूर्वार्धात गाण्यांनी प्रेक्षकाकडून जो आनंद उचलला तो रिकी आणि अनाइदा, अल्विरा आणि स्टीव्ह या जोड्यांच्या नावावर उचलला. या दोन जोड्या अस्तित्वातच नाहीत असं सिनेमाने स्वतःच नंतर सांगितलं. म्हणजे ज्यांच्या नावावर कर्ज काढलं ती माणसंच बनावट निघाली. रिकी आणि अल्विरा या खऱ्या जोडीच्या खात्यात तोवर फारसं काही जमा झालेलं नसतं. कारण ती दोघं जिथे खरोखर एकमेकांच्या जवळ येत होती ते वॉटर्लूचं टेबल प्रत्येक गाण्याच्या वेळी सोडून आपण पॅरिसला किंवा आणखी कुठे निघून गेलेलो असतो. गाणं सुरू झालं की कॅमेरा टेबलापासून लांब जातो आणि गाणं संपल्यावर परत येतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात मधल्या वेळात काय झालं ते आपल्याला पाहायला मिळत नाही. रिकी ज्या मुलीची तारीफ करतो आहे ती ऐकताना अल्विराला कुठे टोचलं? स्टीव्हच्या पराक्रमावर रिकी मोठ्याने का हसला? या सिनेमातली खरी प्रेमकथा एवढीच होती. प्रोमो कापताना मी जे टाकून देते तेच इथे पटकथेनेही टाकलं, आणि त्या जागी प्रोमोत उत्तम दिसेल असं गाणं ठेवलं.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल आणि तो वजनदार आहे. खोटेपणा, वेशांतर, तोतयेगिरी हाच तर या प्रकाराचा प्राण आहे, मग थापेला दोष कसा द्यायचा? आक्षेप घेणाऱ्याला लांब जायची गरज नाही. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आणलं, ती अस्सल रोमँटिक कॉमेडीच आहे आणि ती संन्याशाच्या वेशातल्या अर्जुनावर उभी आहे. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, कृष्णाला अर्जुनाला द्यायची आहे आणि सुभद्रेच्या दारात आलेला संन्यासी कोण हे सुभद्रेलाच ठाऊक नाही. पण प्रेक्षकाला ठाऊक आहे. सगळा खेळ या एका गोष्टीवर चालतो. पद सुरू होतं तेव्हा त्यातला विरह खरा असतो, ओढ खरी असते, फक्त समोरच्या पात्राला ती कळलेली नसते आणि आपल्याला कळलेली असते. गाणाऱ्याची भावना आणि ऐकणाऱ्याची माहिती यांच्यामधल्या फटीत हसू येतं. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला, त्यातही दोन पुरुष बायका होऊन घरमालकिणीच्या डोळ्यात धूळ फेकतात, आपल्या डोळ्यात नाही. पहिल्यांदा साडी नेसली जाते तेव्हा आपण त्या खोलीत असतो. 'झूम बराबर झूम'मध्ये थाप अल्विराला जितकी खरी म्हणून सांगितली जाते तितकीच आपल्यालाही सांगितली जाते. आपण कटात सामील नसतो, कटाचे बळी असतो. रहस्यपटात हे चालतं, तिथे फसवून घेण्यासाठीच माणूस गेलेला असतो. प्रेमाच्या विनोदी गोष्टीत मात्र प्रेक्षक आपला जीव एका जोडीत गुंतवत जातो, आणि ती जोडीच नव्हती असं नंतर सांगितलं की तो गुंतलेला जीव दुसऱ्या जोडीकडे आपोआप वळत नाही.

जाणकार प्रेक्षक इथे म्हणेल की ती फसवणूक इतकी उघडी आहे की फसायचं कारण नाही. डायनाच्या अपघाताची रात्र काय, मेणाचा सुपरमॅन काय, कुणाही शहाण्याला या थापा आहेत हे कळावं, आणि भडक रंग, अचाट कपडे, सगळा थाटमाट त्यासाठीच तर आहे. हा मुद्दा मी गंभीरपणे घेते, कारण दिग्दर्शकाचा हेतू बहुधा हाच असावा. पण शंका येणं आणि माहीत असणं यात फार अंतर आहे. माहीत असलेला प्रेक्षक निवांत असतो. तो गोष्टीकडे न बघता गोष्ट सांगणाऱ्याकडे बघतो, हा आता काय जुळवणार म्हणून उत्सुक असतो. शंका आलेला प्रेक्षक हात आखडता घेतो. हे खरं मानू की नको, या दोघांवर माया करू की नको, या विचारात तो गाणं पाहतो आणि गाणं नुसतं पाहण्यासारखं होऊन राहतं. पहिल्या थापेच्या आधी रिकी हॉटेलाचं नाव शोधायला इकडेतिकडे नजर टाकतो एवढं जरी आपल्याला दाखवलं असतं, तरी पुढची सगळी गाणी वेगळी ऐकू आली असती. पॅरिसमधला प्रत्येक ठेका मग रिकीच्या धडपडीचा झाला असता. त्याच गाण्यातलं प्रेम अनाइदावरून उठून टेबलापलीकडच्या मुलीपर्यंत पोचलं असतं.

हे केवळ तर्काने सांगते आहे असं वाटू नये म्हणून त्याच वर्षीचा दुसरा सिनेमा शेजारी ठेवते. 'जब वी मेट' २६ ऑक्टोबर २००७ रोजी आला. तीही रोमँटिक कॉमेडी, तिचीही सुरुवात रेल्वेत भेटलेल्या गीत आणि आदित्य या दोन अनोळखी माणसांपासून, तिचीही गाणी घरोघरी गेलेली. हा सिनेमा चालला आणि अजून पाहिला जातो. त्यातल्या 'ये इश्क हाय'ला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, गायनासाठी श्रेया घोषाल यांना आणि नृत्यदिग्दर्शनासाठी सरोज खान यांना. हे गाणं जवळून पाहण्यासारखं आहे. गीत मनालीकडे निघाली आहे, तिथे तिचा अंशुमन आहे, त्या आनंदात ती डोंगरातल्या लोकांत मिसळून नाचते. गाणं तिचं आहे, तिच्या दृष्टीने ते अंशुमनसाठी आहे. पण फ्रेमच्या कडेला आदित्य आहे. तो बघतो आहे. ती जितकी खुलते तितकं त्याला उमगत जातं की आपण हिच्यावर प्रेम करतो आणि ही आता दुसऱ्याकडे जाते आहे. म्हणजे तिसऱ्याच्या नावावरचं गाणं इथेही आहे, पण ते नाव चुकीचं आहे हे आपल्याला आदित्यच्या चेहऱ्यावरून कळत राहतं. गाण्याच्या आधीचा आदित्य आणि नंतरचा आदित्य एक नाहीत. पुढे तो तिला पोचवून निघून येतो तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

त्याच सिनेमातलं 'तुम से ही' माझ्या मुद्द्याला आणखी बळ देतं. मोहित चौहान यांच्या आवाजातल्या या गाण्यात आदित्य मुंबईला परतला आहे, कामाला लागला आहे आणि गीत त्याच्याभोवती दिसते आहे. ती तिथे नाही. आपल्याला माहीत आहे की ती तिथे नाही. 'टिकट टू हॉलिवूड'मध्ये कल्पनेतली मुलगी आहे आणि इथेही कल्पनेतलीच आहे, पण इथली कल्पना कुणाची आणि कशासाठी हे उघड असल्यामुळे सगळं प्रेम आदित्यच्या खात्यात जमा होतं. आणि 'मौजा ही मौजा' हे निखळ नाचाचं, प्रोमोला हवंहवंसं गाणं कुठे ठेवलं आहे? सिनेमाच्या अगदी शेवटी, गोष्ट संपल्यावर. वाहिन्यांवर सिनेमाची दवंडी पिटायचं काम त्याने केलं आणि कथेचं एक मिनिटही घेतलं नाही. प्रोमो कापणाऱ्या माणसाला याहून शहाणी मांडणी दाखवता येणार नाही. जे गाणं विकायला लागतं आणि जे सांगायला लागतं ते वेगळं ओळखून दोन्ही आपापल्या जागी ठेवलं.

मग 'कजरा रे'चं काय, असा प्रश्न मीच उभा करते, कारण तो टाळला तर माझं म्हणणं लंगडं राहील. 'बंटी और बबली'तलं ते गाणं कथा तसूभर पुढे नेत नाही, ऐश्वर्या राय फक्त त्या गाण्यापुरती येते, तरी सिनेमा चालला. याचं उत्तर जागेत आहे. तोवर छोट्या गावातून पळालेल्या दोन पोरांची धाव, त्यांची फजिती, त्यांचं लग्न हे सगळं प्रसंगांमधून आपल्यासमोर घडून गेलेलं असतं. जमेची बाजू भक्कम असते आणि तिच्यावर एक चैन खपून जाते. शिवाय त्या एका मैफलीत पोलीस अधिकारी आणि तो ज्याच्या मागावर आहे तो ठग, म्हणजे बाप-लेक बच्चन, एका ठेक्यावर नाचतात आणि पाठलागाचा ताण तिथेही जिवंत राहतो. कथेबाहेरचं गाणं वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पाच मिनिटं गोष्ट थांबली तर प्रेक्षक थांबतो. पाच मिनिटं गोष्ट चुकीच्या माणसांकडे गेली तर परत येताना तो तितक्या विश्वासाने येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

सिनेमा पडण्याची बाहेरची कारणंही सांगितली जातात. त्याच शुक्रवारी रजनीकांत यांचा 'शिवाजी' आला होता. कुणी म्हणतं लंडनमधल्या पंजाब्यांची गोष्ट इथल्या माणसाला परकी वाटली. कुणी म्हणतं सिनेमा काळाच्या पुढे होता आणि आता त्याचे चाहते आहेत. 'शिवाजी'मुळे काही पडद्यांवर फरक पडला असेल, पण रोमँटिक कॉमेडीचा खरा निकाल शुक्रवारी लागत नसतो. पाहून आलेला माणूस सोमवारी कामाच्या ठिकाणी काय सांगतो त्यावर तो लागतो आणि तिथे शेजारच्या पडद्याचा संबंध संपतो. लंडन परकं म्हणावं तर 'दिलवाले दुल्हनिया'ची सुरुवातच लंडनमध्ये होते. काळाच्या पुढे असल्याचा मुद्दा मात्र मला जिव्हाळ्याचा वाटतो. सिनेमाचा बेदरकार रंगीतपणा, कुठल्याही क्षणी गाऊ लागणारं शहर, हे धाडस त्या वर्षी इतर कुणी केलं नव्हतं आणि त्याची आठवण ठेवणारे लोक योग्यच करतात. पण ते ज्या गोष्टी आठवतात त्या सुट्या आहेत. टोपी आठवते, गिटार आठवते, एखादी चाल आठवते. रिकी आणि अल्विरा यांची आठवण कोणी गीत आणि आदित्यसारखी काढत नाही.

गाण्यांनी सिनेमाला लोक आणून दिले पाहिजेत ही अपेक्षा कुठून आली असेल, याचाही विचार करायला हवा. आपल्याकडे संगीत नाटकाने ती घडवली असं मला वाटतं. बालगंधर्वांच्या काळात लोक पदांसाठी तिकीट काढत, 'वन्स मोअर' घेत, खेळ रात्रभर लांबे आणि कथानक तिथेच उभं राही. कुणाची तक्रार नसे, कारण ते गाणं त्या रात्री, त्या थिएटरात, त्या गळ्यातूनच मिळणार होतं. सिनेमाच्या गाण्याचं तसं नाही. ते प्रदर्शनाच्या महिना-दीड महिना आधीच घरात येतं. २००७ साली ते टीव्हीवर होतं, एफएमवर होतं, मोबाइलच्या कॉलर ट्यूनमध्ये होतं. ज्याला ते आवडलं त्याच्यापाशी ते आधीच होतं, त्यासाठी तिकीट काढायचं कारण उरलं नव्हतं. गाण्याचा धंदाही वेगळ्या वहीत मांडला जातो. मोठ्या निर्मितीसंस्थांच्या स्वतःच्या संगीत कंपन्या असतात, यशराजचीही आहे, आणि सिनेमा उतरल्यावरही तिथे गाणं कमाई करत राहतं. त्यामुळे गाणी चालली आणि सिनेमा पडला यात विसंगती मुळात नाहीच. ते दोन वेगवेगळे माल आहेत. प्रेक्षक गाणं ऐकून थिएटरात येतो तो गाण्यासाठी नव्हे, गाण्याने जे वचन दिलं ते बघायला येतो. माझा प्रोमो ते वचन देतो. ते पाळणं मात्र माझ्या हातात नसतं. 'झूम बराबर झूम' हे नावसुद्धा एका वचनाची आठवण आहे. १९७४ च्या 'फाइव्ह रायफल्स'मध्ये अझीझ नाझाँ यांची त्याच शब्दांची कव्वाली होती. ती कव्वाली आजही मैफलींत रंगते आणि तिचा सिनेमा फारसा कुणाला आठवत नाही.

हे एकदाच घडलं असं नाही. दहा वर्षांनी, ४ ऑगस्ट २०१७ रोजी 'जब हॅरी मेट सेजल' आला. दिग्दर्शक 'जब वी मेट'चेच इम्तियाज अली, संगीतकार पुन्हा प्रीतम, गीतकार इर्शाद कामिल, वर शाहरुख खान आणि अनुष्का शर्मा. 'हवायें' आणि 'राधा' सगळीकडे वाजली. सिनेमा अपेक्षेच्या जवळपासही गेला नाही. इथे थाप नव्हती, पण हरवलेली अंगठी शोधत युरोपभर हिंडणाऱ्या त्या दोघांची जवळीक वाढवण्याचं काम प्रसंगांकडून काढून घेऊन गाण्यांवर टाकलेलं दिसतं. शहर बदलतं, चाल बदलते, माणसं बदललेली दिसत नाहीत. म्हणून मी एकट्या दुहेरी थापेच्या युक्तीला जबाबदार धरत नाही. ती युक्ती हा एका सवयीचा सर्वांत ठळक नमुना आहे. गाणं आहे ना, मग ती दोघं जवळ आली असं समजा, ही ती सवय.

'झूम बराबर झूम'मधलं आज सर्वांत टिकून असलेलं गाणं कोणतं असं मला कुणी विचारलं तर मी 'बोल ना हलके हलके' सांगेन. राहत फतेह अली खान आणि महालक्ष्मी अय्यर यांच्या आवाजातलं हे गाणं आजही रात्रीच्या रेडिओवर लागलं की हातातलं काम थांबतं. ते रिकी आणि अल्विराचं आहे. आल्बममधलं नाजूक प्रेमगीत हेच, आणि खऱ्या जोडीच्या नावावर लिहिलेलंही हेच. चाल गोड आहे म्हणून ते टिकलं असं म्हणता येईल आणि ते खोटं नाही. पण त्या गाण्यात दोघं एकमेकांकडे बघतात तेव्हा मध्ये कुणी रचलेला माणूस उभा नसतो, हेही त्याच्या टिकण्यात आहे असं मला वाटतं.

आमच्या कामात गाणं तपासायची एक साधी पद्धत असते. टाइमलाइनवर गाण्याआधीचा शेवटचा शॉट आणि गाण्यानंतरचा पहिला शॉट एकमेकांना चिकटवून पाहायचे. 'ये इश्क हाय' काढून टाकलं तर सांधा लगेच दिसतो. अलीकडचा आदित्य सोबती असतो आणि पलीकडचा निरोपाच्या तयारीत असतो, मध्ये काहीतरी गेलं आहे हे लहान मूलही सांगेल. 'टिकट टू हॉलिवूड' काढलं तर सांधा दिसत नाही. टेबलाच्या अलीकडे रिकी, पलीकडे अल्विरा, गाडी अजून यायची आहे, संभाषण तसंच पुढे चालू. मला तो सांधा दिसायला हवा होता. गाणं चालू असताना अधूनमधून, ठेका चुकला तरी चालेल, पॅरिसच्या दिव्यांमधून वॉटर्लूला परत यायचं आणि अल्विराचा ऐकणारा चेहरा दोन सेकंद धरून ठेवायचा. प्रोमोमधून मी तो काढला असता. सिनेमात तो असायला हवा होता.